वाडवडील कागद करीत होते, मग आपण का करीत नाही?



"आमच्या घराण्यात कागद चालत नाही, शब्द चालतो." हे वाक्य ऐकले नाही असे आपल्या समाजात एकही घर सापडणार नाही. भागीदारी ठरते तेव्हा हे वाक्य येते, दुकानाचा गाळा भाड्याने घेताना येते, लूमवर दुसऱ्याचे सूत चढवताना येते. बोलणाऱ्याची छाती फुगते, ऐकणारे माना डोलावतात. चार-पाच वर्षांनी तोच माणूस वकिलाच्या ओट्यावर बसून सांगत असतो, "माझ्याकडे लिहिलेले काही नाही हो." त्या वेळी मान डोलावणारे कोणी जवळ नसते.

आम्ही आज स्पष्ट लिहिणार आहोत. तोंडी व्यवहार ही आपली परंपरा नाही. ती परंपरेचे नाव लावलेली हयगय आहे. या हयगयीत आपली दुकाने जात आहेत, लूम विकले जात आहेत आणि भावाभावांत बोलणे बंद होत आहे. कोणाला हे लिहिणे टोचेल. टोचावे म्हणूनच लिहितो आहोत.

परंपरा म्हणता, तर परंपरा पाहू

तापीकाठचे आपले बुऱ्हाणपूर काही कालचे गाव नाही. सतराव्या शतकात टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथून दोन वेळा गेला. इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जाते असे त्याने लिहून ठेवले आहे. इतक्या दूरचा व्यापार "तुमचा शब्द, आमचा शब्द" यावर चालला असेल असे कोणाला वाटते काय? तो हुंडीवर चालला. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवताच पैसे. मुदती हुंडी म्हणजे ठरल्या दिवशी पैसे. शाहजोग हुंडी म्हणजे पैसे बाजारातल्या पतदार माणसाच्याच हाती पडावेत अशी सोय. हुंडी हरवली तर पेठ लिहायची, पेठही हरवली तर परपेठ लिहायची. कागद हरवेल हे गृहीत धरून त्यावरचा दुसरा आणि तिसरा कागदही ज्यांनी ठरवून ठेवला होता, त्या व्यापारी पिढ्यांच्या नावाने आपण "शब्दच पुरे" म्हणतो!

१७६० साली उदगीरच्या लढाईनंतर हे शहर मराठ्यांकडे आले. आपल्यातल्या जुन्या घराण्यांचा अभिमान तिथपासूनचा. हा अभिमान कशावर उभा आहे? सनदांवर, वतनपत्रांवर, मोडी कागदांवर. देशपांडे आणि कुलकर्णी ही वतने तर लेखणीचीच. ज्या घरात पणजोबांच्या सनदेची नक्कल पेटीत जपून ठेवलेली असते, त्याच घरातला पणतू दहा लाखांची भागीदारी चहाच्या कपावर ठरवतो. यात घराण्याची इभ्रत कुठे आली?

आणि आपल्या बाजारातल्या हिंदी व्यापाऱ्यांची म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत: "पहले लिख और पीछे दे, भूल पड़े कागज से ले." व्यवहार आधी लिहावा आणि मग पैसा द्यावा, हे ज्याला मुनीम परवडत होता त्यालाही कळत होते आणि ज्याला परवडत नव्हता त्यालाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तोंडी करार बेकायदेशीर नाही. १८७२ चा करार कायदा तोंडी करारालाही मान देतो. अडचण आहे ती सिद्ध करण्याची. करार झाला होता आणि अमुक अटींवर झाला होता हे दाखवायचे कसे? साक्षीदार फिरतो, आठवण फिरते, माणूस मरतो. कागद फिरत नाही.

भागीदारी: "हिशेब सगळा दादांच्या डोक्यात होता"

समजा, दोन साडू मिळून कापडाचे दुकान काढतात. एकाचा पैसा, दुसऱ्याची जागा आणि मेहनत. नफा निम्मा-निम्मा असे तोंडी ठरते. तोटा कसा वाटायचा, पैसा काढायचा तर किती, एकाला बाहेर पडायचे झाले तर मालाची किंमत कोण लावणार, यावर एक शब्द नाही. धंदा चालतो तोपर्यंत सगळे गोड.

१९३२ चा भागीदारी कायदा अशा घरांवर कसा उलटतो ते पाहा. फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार सर्वांसह आणि एकटाही जबाबदार असतो. म्हणजे साडूने फर्मच्या नावाने उचललेल्या मालाचे पूर्ण पैसे देणेकरी तुमच्या एकट्याकडून मागू शकतो. "माझा हिस्सा निम्माच" हे त्याला सांगून उपयोग नाही. फर्मची नोंदणी नसेल तर कलम ६९ आडवे येते. करारातून निघालेला हक्क वसूल करण्यासाठी बिननोंदणीच्या फर्मला ग्राहकावर दावा लावता येत नाही, भागीदारालाही फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर तसा दावा लावता येत नाही. फर्म मोडून हिशेब मागण्याचा मार्ग तेवढा उरतो. लोक मात्र तुमच्या फर्मवर खुशाल दावा लावू शकतात. दार एकाच बाजूने उघडते, आणि ती बाजू तुमची नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म संपते. दोनच भागीदार असतील तर ती संपतेच. मग पांढरे कपाळ घेऊन बसलेल्या बाईला सांगितले जाते, "वहिनी, हिशेब सगळा दादांच्या डोक्यात होता." आमच्या मते आपल्या समाजात याहून निर्दय वाक्य दुसरे नाही. अनेकदा ते बोलणारा लबाडही नसतो, त्यालाही खरोखरच काही माहीत नसते. दोघांनी मिळून तीन पानांचा कागद केला असता तर एका घराचा घास वाचला असता.

म्हणून भागीदारीपत्रात निदान इतके असलेच पाहिजे: कोणाचे भांडवल किती, नफा आणि तोटा दोन्हींची वाटणी, दरमहा कोणी किती काढायचे, बँकेत सही कोणाची, कर्ज काढायला कोणाची संमती लागेल, बाहेर पडण्याची नोटीस किती दिवसांची, मृत्यू झाल्यास वारसाला काय आणि किती दिवसांत मिळेल, आणि वाद झाला तर लवाद कोण. हे लिहून, मुद्रांकावर करून, फर्मची नोंदणी करा. भागीदार बाहेर पडला तर जाहीर सूचना द्या, नाहीतर गेलेल्या माणसाच्या सहीची जबाबदारी तुमच्या गळ्यात राहील आणि तुमची त्याच्या गळ्यात.

मजुरीचे कापड: सूत सेठचे, धोका आपला

आपल्या शहरात लूमवरचे काम मोठ्या प्रमाणावर मजुरीने चालते. सूत व्यापाऱ्याचे, लूम आपला, वीजबिल आपले, कारागिराचा पगार आपला. कापड उतरले की सेठ नेतो आणि मजुरी "पुढच्या हप्त्यात". पुढचा हप्ता तीन महिन्यांवर जातो. मग "कापडात दोष होता" म्हणून कापणी होते. दोष कधी सांगितला? कुठे लिहिले? कुठेच नाही.

या माणसाला कायद्याने किती दिले आहे ते त्याला कोणी सांगत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलेच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर माल स्वीकारला असे धरले जाते. म्हणजे तीन महिन्यांनी तोंडी सांगितलेल्या दोषाला या कायद्यापुढे फार बळ नाही. पैसे अडले तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो आणि त्यासाठी २०१७ साली 'समाधान' हे ऑनलाइन दालन सुरू झाले. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

हे सगळे मिळते कोणाला? उद्यम नोंदणी असलेल्याला. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि सरकारी दालनावर पूर्ण मोफत होते; तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तो दलाल समजा. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म धरला जातो, म्हणजे आपले बहुतेक लूमवाले त्यात बसतात. नोंदणी व्यवहाराच्या आधी करा. आधी माल दिला आणि मग नोंदणी केली तर मागच्या मालाला संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली म्हटले आहे. किराणा किंवा कापडाची निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांनी मात्र एक लक्षात घ्यावे. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. थकलेल्या पैशांचे हे संरक्षण उत्पादन आणि सेवा करणाऱ्यांनाच आहे.

२०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक गोष्ट केली. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला ती रक्कम त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. ज्या वर्षी देईल त्याच वर्षी दाखवता येते. २०२४ च्या सुरुवातीला ठिकठिकाणच्या कापड व्यापाऱ्यांनी या नियमाविरुद्ध ओरड केली. ओरड झाली म्हणजे नियम लागला, एवढे तरी आपल्या लोकांनी ओळखावे.

आणखी एक जुनी, पण विसरलेली तरतूद आहे. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, दुसऱ्याच्या मालावर तुम्ही मेहनत आणि कसब खर्च केले असेल, काम ठरल्या मुदतीत पुरे केले असेल आणि उलट काही ठरलेले नसेल, तर मजुरी मिळेपर्यंत तो माल ताब्यात ठेवण्याचा तुम्हाला हक्क आहे. कापड गाडीत चढले की हा हक्क संपला. आणि "मजुरी महिन्याने देईन" याला तुम्ही हो म्हटले असेल तर तो हक्क वापरणे अवघड. म्हणून गाडी भरण्याआधी बोला, गाडी गेल्यावर नव्हे.

सूत येताना आणि कापड जाताना चलन घ्या. जीएसटीच्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने मजुरीसाठी माल चलनावरच पाठवायचा असतो. सेठ चलन देत नसेल तर तो तुमच्यावर उपकार करीत नाही, स्वतःचा कागद लपवतो आहे. चलनावर सुताचे वजन, प्रत, कापडाचे मीटर, मजुरीचा दर, घट किती धरायची, दोष किती दिवसांत सांगायचा आणि पैसे कधी, एवढे सात शब्द लिहिले तरी अर्धा वाद मिटतो.

आणि सगळे लूम एकाच सेठच्या सुतावर चालवू नका. १९०६ साली उभी राहिलेली आपली ताप्ती मिल पुढे सरकारी मालकीची झाली, तरी २०२० च्या टाळेबंदीत थांबली. सरकारच्या पाठबळाची गिरणी थांबू शकते, तर एका माणसाची पेढी थांबणार नाही याची हमी कोण देणार?

वही पुजता, पण वही पुरते का?

लक्ष्मीपूजनाला आपण वहीला हळदकुंकू वाहतो. चांगली गोष्ट आहे. पण कायदा काय म्हणतो? नियमितपणे ठेवलेल्या वहीतली नोंद पुराव्यात घेता येते, मात्र एकट्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही. हा जुन्या पुरावा कायद्याचा नियम होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो आहे. उधारीच्या नोंदीपुढे घेणाऱ्याची सही नसेल, बिल नसेल, चलन नसेल, तर तुमची वही म्हणजे तुमचेच म्हणणे तुमच्याच अक्षरात.

दुसरे म्हणजे मुदत. उधारीच्या वसुलीला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. "जाऊ द्या, ओळखीचा आहे, देईल" म्हणता म्हणता तीन वर्षे जातात आणि दाव्याचा दरवाजा बंद होतो. पण मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने "इतके देणे आहे" असे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे पुन्हा सुरू होतात. काही रक्कम त्याने दिली आणि तशी नोंद त्याच्या अक्षरात किंवा सहीनिशी असेल तरीही तसेच. म्हणून आमचे सांगणे आहे की वहीपूजनाच्या आठवड्यातच प्रत्येक उधारीवाल्याकडून बाकीच्या कागदावर सही घ्यावी. ही आपल्या सणाला शोभणारी गोष्ट आहे. पेढा द्या, बाकी सांगा, सही घ्या.

व्हॉट्सअॅपवर ठरलेला दर आणि आलेली कबुलीही जपून ठेवा. तो पुरावा होऊ शकतो. न्यायालयात देताना ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. फोन बदलताना जुने संदेश पुसून टाकू नका.

जामीन आणि कोरा चेक

जुन्या घराण्याचा एक जुना रोग म्हणजे भिडेपोटी जामीन राहणे. "तुमची नुसती सही लागते" असे म्हणतात. नुसती सही! करार कायद्याचे कलम १२८ सांगते की मूळ कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची. बँकेने आधी त्याच्याकडे जावे, मग तुमच्याकडे यावे, असा काही नियम नाही. तुमचे घर तारण दिले असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली दिवाणी दावा न लावताही त्यावर कारवाई होऊ शकते. जामीन राहायचेच असेल तर रक्कम आणि मुदत बांधून घ्या. चालू जामीन असेल तर पुढच्या व्यवहारांपुरता तो लेखी नोटिशीने बंद करता येतो का ते कागदात पाहा. उलट काही ठरले नसेल तर कायदा तशी मुभा देतो.

सही केलेला कोरा चेक "विश्वासासाठी" ठेवायला देणे तर थांबवाच. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्वखुशीने सही करून दिलेला चेक समोरच्याने भरला, तरी तो देण्यापोटीच दिला असे गृहीत धरले जाते. उलट सिद्ध करणे सही करणाऱ्याच्या माथी. आणि तुमच्याकडे आलेला चेक परत गेला, तर दिवस मोजा. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यावर समोरच्याला १५ दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद. "बघतो, देतो" यावर हे दिवस घालवले की बहुतेकदा काम संपले.

गाळा आणि आग

भाड्याच्या गाळ्यात आयुष्य गेलेली आपली किती दुकाने आहेत! जुने मालक गेले, मुले आली, आणि आता पावतीही मिळत नाही. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. नोंदवला नाही तर त्यातल्या अटी न्यायालयात पुरावा म्हणून दाखवता येत नाहीत. पाच वर्षे ठरवून साध्या कागदावर सह्या करणारे स्वतःला फसवतात. भाडे बँकेतून द्या, दुरुस्ती कोणाकडे ते लिहा, अनामत किती आणि ती परत कधी ते लिहा.

विम्याचेही तसेच. बँकेने सांगितले म्हणून विमा काढायचा आणि पॉलिसी कपाटात टाकायची, ही आपली रीत. माल २० लाखांचा आणि विमा १० लाखांचा असेल, तर ४ लाखांचा माल जळाल्यावर ४ लाख मिळत नाहीत, साधारण २ लाखच मिळतात. कमी विमा उतरवला त्या प्रमाणात भरपाई कापली जाते. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी आली आहे. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे, त्यापुढची नाही.

लूमवाल्यांनी तर एक ओळ मुद्दाम पाहावी. शेडमधले सूत सेठचे आहे. "विश्वासाने ठेवलेला दुसऱ्याचा माल" असा उल्लेख पॉलिसीत नसेल तर विमा कंपनी म्हणेल, हा माल तुमचा नाही. आणि सेठ म्हणेल, माल तुमच्याकडे होता. कायदा इतकेच सांगतो की स्वतःच्या मालाची शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी तुम्ही घेतली असेल, आणि खास करार नसेल, तर नुकसान तुमच्यावर नाही. पण काळजी घेतली होती हे दाखवायचे कशावरून? वायरिंग तपासल्याची पावती, आग विझवायचे यंत्र भरल्याची तारीख. पुन्हा कागदच.

आक्षेप येतील ते आम्हाला ठाऊक आहेत

पहिला आक्षेप: "भावाकडे कागद मागायचा? अविश्वास दिसतो." आम्ही उलट म्हणतो. कागद करणारा भावावर विश्वास ठेवतो. त्याचा विश्वास आठवणीवर नसतो, आणि उद्याच्या पिढीच्या स्वभावावर नसतो. आज दोन भाऊ एका ताटात जेवतात. वीस वर्षांनी दोन चुलत भावांना एकमेकांचे तोंड पाहावे लागेल, त्यांच्यासाठी लिहा.

दुसरा आक्षेप: "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." बरोबर आहे. चढू नये म्हणूनच कागद करायचा. ज्याच्या हातात सही केलेला कागद असतो त्याच्याशी समोरचा दुकानातच तडजोड करतो. मिटवायचेच असेल तर लोकअदालत आहे. तिथली तडजोड न्यायालयाच्या हुकुमासारखी पक्की असते आणि तिच्यावर अपील नाही. समाजाच्या बैठकीत मिटवायचे असेल तरी लवादाचा करार लेखी हवा. १९९६ चा लवाद कायदा तोंडी लवाद मानत नाही. आपल्या बैठकीत आजवर जे "मिटले" ते किती मिटले आणि किती दाबले, हे ज्येष्ठांनी स्वतःच्या मनाला विचारावे.

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळणे अन्यायाचे होईल. "मी कागद मागितला तर सेठ सूत दुसऱ्याला देईल. उद्या लूम बंद राहील, कारागिराला काय देऊ?" चार लूम असलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. त्याला "हिंमत धरा" असा उपदेश करणे सोपे, पण तो उपदेश पोट भरत नाही. एकट्याने कागद मागितला तर त्याचे काम जाईल, हे आम्ही मानतो. पण वीस जणांनी एकच नमुन्याचे चलन छापून घेतले आणि वीसही जण त्याच चलनावर सूत उतरवून घेऊ लागले, तर सेठ विसांनाही सोडून कुठे जाणार? दर ज्याचा त्याने ठरवावा. अटींचा कागद मात्र सगळ्यांचा एक असावा. यात मराठी-अमराठी, हिंदू-मुसलमान हा भेद आणू नका. लूमवर बसणाऱ्या सगळ्यांचे दुखणे एकच आहे, आणि आपल्यापेक्षा जास्त लूम ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याशिवाय हे होणारही नाही.

आणि इथेच आमची खरी तक्रार आहे. हे काम मंडळाचे होते. मंडळांनी सत्कार केले, स्नेहसंमेलने केली, पत्रिकांवर नावे मोठ्या टाइपात छापली. सभासदाच्या हातात एक छापील करारनामा मात्र दिला नाही. समाज टिकवायचा म्हणजे नुसते सण टिकवायचे असे नव्हे. समाजाचे दुकान टिकले तर समाज टिकतो.

आमच्या मागण्या

एक: मंडळाने भागीदारीपत्र, मजुरीचे चलन, बाकीची कबुली आणि गाळ्याचा करार असे चार नमुने वकिलाकडून तपासून छापावेत. एका बाजूला हिंदी, कारण कचेरीत तेच चालते. दुसऱ्या बाजूला मराठी, म्हणजे सही करणाऱ्या आजीलाही समजेल कशावर सही होते आहे.

दोन: महिन्यातून एक संध्याकाळ मंडळाच्या जागेत उद्यम नोंदणी आणि थकलेल्या पैशांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यावेत. शिकलेली मुले आपल्याकडे कमी नाहीत.

तीन: प्रत्येक घरात एक पिशवी असावी. भागीदारी, विमा, कर्ज, भाडे, जामीन, सगळे कागद त्यात. ती कुठे आहे हे घरच्या बाईला माहीत असलेच पाहिजे.

चार: २०२२ साली नगरनिगमाची निवडणूक झाली. पुढच्या वेळी मते मागायला येणाऱ्यांना हार घालण्याआधी दोन प्रश्न विचारा. जिल्हा व्यापार व उद्योग केंद्राचा माणूस लूमच्या वस्तीत महिन्यातून एकदा येऊन बसेल यासाठी तुम्ही काय करणार? आणि थकलेल्या मजुरीच्या तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, याचा आकडा दर सहा महिन्यांनी शहरात जाहीर करायला लावणार का? उत्तर तोंडी देऊ लागले तर म्हणा, साहेब, लिहून द्या.

येत्या दिवाळीत वही पुजण्याआधी निदान एक तोंडी व्यवहार कागदावर आणा. एकच. भागीदाराला बोलवा, भावाला बोलवा, गाळ्याच्या मालकाला बोलवा. चहा ठेवा, आणि चहासोबत कागद ठेवा. जो रागावेल तो आज रागावेल आणि महिन्याभरात विसरेल. न लिहिलेल्या व्यवहाराचा राग तीन पिढ्या जात नाही, हे आपण आपल्याच गल्लीत पाहतो आहोत.